शाळेच्या कलावर्गासाठी ओपन स्टुडिओ फेरी: पहिल्या भेटीपासून शेवटच्या हिशोबापर्यंत

प्रदर्शनात चित्र भिंतीवर लागतं तोवर त्यामागचा सगळा पसारा आवरून झालेला असतो. स्टुडिओत तो पसारा तसाच असतो: दोरीवर वाळत घातलेले छाप, कोपऱ्यात तोंड फिरवून ठेवलेला अर्धा कॅनव्हास, दहा वेळा पुसून पुन्हा काढलेली एक रेष. ओपन स्टुडिओ फेरीत परिसरातले चित्रकार, शिल्पकार, मातीकाम करणारे, ठशांवरून छाप काढणारे मुद्राचित्रकार ठरलेल्या एक-दोन दिवसांपुरती आपली दारं उघडी ठेवतात आणि लोक हातात नकाशा घेऊन एका स्टुडिओतून दुसऱ्यात जातात. कल्पना जुनी आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये असा उपक्रम १९७५ पासून चालू आहे. इंग्लंडमधल्या ब्रायटनमध्ये १९८२ साली एका चित्रकाराने स्वतःचं घर लोकांसाठी उघडलं आणि पुढे आजूबाजूची घरं त्यात सामील होत गेली.

अशा फेरीला शाळेच्या कलावर्गाची जोड दिली की तिला एक नेमकं काम मिळतं: त्या वर्गाच्या साहित्यासाठी पैसे उभे करणं. मी अशा काही फेऱ्यांच्या तयारीत राबले आहे, आणि पहिल्याच वेळी आमची सुरुवात चुकली होती. आम्ही कलाकार गोळा केले, नकाशा छापला, पैसे जमवले आणि मग शाळेत जाऊन विचारलं, "काय हवंय?" तोपर्यंत कोणीतरी उत्साहाने रंगांचे खोके देऊन टाकले होते. त्यातल्या अर्ध्या ट्यूब सुकलेल्या, आणि उरलेले तैलरंग. ज्या वर्गात साधा पाण्याचा नळ नाही, तिथे टर्पेंटाइन लागणारे रंग घेऊन मुलांनी करायचं काय? ते खोके कपाटावर तसेच पडून राहिले. म्हणून या लेखाचा क्रम उलटा आहे. आधी शाळेचं कपाट, मग बाकी सगळं.

पहिली पायरी: कलाशिक्षकांसोबत कपाट उघडा

फेरीच्या किमान सहा महिने आधी कलाशिक्षकांना भेटा, आणि ऑफिसात बसून बोलू नका. वर्गात जा. कपाट उघडायला सांगा. ब्रशचे केस किती उरलेत, कागद कुठल्या जाडीचा आहे, मुलांची ओली चित्रं कुठे वाळतात, पाणी किती लांबून आणावं लागतं, हे डोळ्यांनी बघा. "आम्हाला साहित्य हवंय" या वाक्यातून काहीच कळत नाही. "चाळीस मुलं, आठवड्याला दोन तासिका, आणि वाळत घालायला जागा नाही म्हणून आम्ही पाण्याचे रंग वापरणंच सोडलं" यातून सगळं कळतं.

मग त्यांच्यासोबत बसून आकडे मांडा. एक उदाहरण करून दाखवते. चाळीस मुलांचा वर्ग, आठवड्याला प्रत्येकी दोन कागद, वर्षाचे तीस आठवडे. झाले २,४०० कागद. पाण्याचे रंग वापरायचे तर कागद निदान १५० जीएसएमचा हवा, त्याहून पातळ कागद ओला झाला की सुरकुततो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये. ए-थ्री आकाराचा कागद चौरस मीटरचा साधारण आठवा भाग असतो, म्हणजे एक कागद पावणेएकोणीस ग्रॅमचा. २,४०० कागदांचं वजन भरतं ४५ किलो. एका वर्गाचं, एका वर्षाचं. हा आकडा मी पहिल्यांदा मांडला तेव्हा कागद विकत घेण्याइतकाच तो ठेवायचा कुठे, हाही प्रश्न समोर आला. कोरडं, बंद कपाट खरेदीच्या यादीत आधी गेलं.

यादीचे दोन भाग करा. एक संपणाऱ्या वस्तूंचा: कागद, पोस्टर रंग, माती, छपाईची शाई. दुसरा टिकणाऱ्या वस्तूंचा: चित्रं वाळत घालायचा रॅक, चांगले ब्रश, लिनो (छापासाठी कोरायचा मऊसर पत्रा) कापायच्या पट्ट्या आणि हत्यारं, टेबलाला अडकवायचे क्लॅम्प. देणगीदारांना टिकणारी वस्तू द्यायला आवडते, कारण ती दिसते. पण कलावर्ग अडतो तो कागदावर. दोन्ही भाग यादीत असू द्या, आणि कोणती गोष्ट आधी घ्यायची हा क्रम कलाशिक्षकांनीच लावावा. तो आपण लावू नये, मग आपण कितीही मोठे चित्रकार असलो तरी.

रंग निवडताना एक गोष्ट पक्की धरा. मुलांच्या हातात जाणारं साहित्य बिनविषारी असल्याचं लेबलवर लिहिलेलं असलं पाहिजे. कॅडमियम किंवा शिसं असलेली रंगद्रव्यं व्यावसायिक चित्रकार सांभाळून वापरतात, शाळेच्या वर्गात त्यांना जागा नाही. त्यामुळे कलाकारांनी आपले उरलेले रंग द्यायची तयारी दाखवली तर प्रेमाने नकार द्या. त्यांच्याकडून कॅनव्हासचे तुकडे, जुन्या फ्रेम, चांगल्या कागदाची कात्रणं घ्या. कोलाजसाठी अशी कात्रणं कधीच पुरत नाहीत.

शेवटी शाळेसोबत एक पानाचा करार करा. जमलेली रक्कम फक्त कलावर्गावर खर्च होईल, खरेदी ठरलेल्या यादीच्या क्रमाने होईल, रक्कम कमी पडली तर कुठे थांबायचं आणि जास्त झाली तर पुढचं काय घ्यायचं, एवढं त्यात असावं. मुख्याध्यापक आणि कलाशिक्षक दोघांच्या सह्या हव्यात. एकाच शाळेसाठी करायचं की परिसरातल्या सगळ्या शाळांसाठी, हा निर्णयही इथेच होतो. पहिल्या वर्षी एकच शाळा घ्या, असं माझं मत आहे. चार शाळांत वाटलेली छोटी रक्कम कुठेच दिसत नाही, आणि पुढच्या वर्षी लोकांना दाखवायला काही हातात राहत नाही.

दुसरी पायरी: माणसं

समिती पाच जणांची पुरे. एक कलाकार, एक शाळेकडून, एक हिशोब ठेवणारा, एक परिसरातले रस्ते तोंडपाठ असलेला आणि एक स्वयंसेवकांना सांभाळणारा. हिशोब ठेवणारी व्यक्ती सहभागी कलाकार नसावी. संशय म्हणून नव्हे, फेरीच्या दिवशी तो कलाकार स्वतःच्या स्टुडिओत अडकलेला असतो म्हणून.

तिसरी पायरी: कलाकारांना बोलावणं

पहिल्या वेळी आठ ते बारा स्टुडिओ योग्य होतात. माणूस एका स्टुडिओत वीस-पंचवीस मिनिटं रमतो, मधला प्रवास धरला तर दिवसाला पाच-सहा स्टुडिओ निवांत होतात. त्यापुढे डोळे थकतात, कशाकडेच नीट लक्ष जात नाही. दोन दिवसांची फेरी असेल तर बारा जागा अगदी बसतात.

निवड करताना माध्यमांत वैविध्य बघा. सलग सहा स्टुडिओत निसर्गचित्रंच दिसली तर सातव्या दारापर्यंत कोणी जात नाही. एक मातीकाम करणारा, एक मुद्राचित्रकार, एक शिल्पकार, एखादी कापडावर किंवा धाग्यावर काम करणारी व्यक्ती, पुस्तकांसाठी चित्रं काढणारी कुणी असेल तर उत्तमच. ज्यांचा स्वतंत्र स्टुडिओ नाही, जे घरातल्या टेबलाच्या कोपऱ्यावर काम करतात, त्यांना वगळू नका. तिघा-चौघांना मिळून एक सभागृह किंवा शाळेतलाच रिकामा वर्ग द्या.

बोलावणं पाठवताना अपेक्षा स्पष्ट लिहा: ठरलेल्या वेळेत स्वतः हजर राहणं, दिवसातून दोनदा काम करून दाखवणं, आणि निधीत ठरलेल्या पद्धतीने वाटा देणं. आणखी एक वाक्य मी नेहमी टाकते: स्टुडिओ आवरू नका, फक्त सुरक्षित करा. पहिल्या वर्षी एका चित्रकाराने पाहुणे येणार म्हणून भिंती रंगवल्या, रंगांनी माखलेलं टेबल हलवलं आणि पूर्ण झालेली चित्रं ओळीने लावली. खोली सुंदर दिसत होती. लोक आत आले, भिंतीवरून नजर फिरवली आणि तीन मिनिटांत बाहेर पडले. पुढच्या वर्षी तेच टेबल मधोमध होतं, त्यावर रंगांचे थर, शेजारी एक फसलेलं चित्र आणि ते का फसलं हे सांगणारा चित्रकार. त्या टेबलाभोवतीची गर्दी हटता हटत नव्हती.

चौथी पायरी: प्रत्येक स्टुडिओची पाहणी

या पायरीला घाई नको. फेरीच्या सहा ते आठ आठवडे आधी प्रत्येक जागी स्वतः जा, आणि जाताना एखादं आठ-दहा वर्षांचं मूल सोबत असेल तर फार बरं. मुलाचे हात कुठे जातात ते बघा. कलाकाराला रोजच्या सवयीने न दिसणाऱ्या गोष्टी मुलाच्या उंचीवरून लगेच दिसतात.

तैलरंगाच्या स्टुडिओत पहिली नजर चिंध्यांवर टाका. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जाऊन वाळत नाही. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो, ते घट्ट होत जातं आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. चिंधी पसरलेली असेल तर ती उष्णता निघून जाते. पण तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला की उष्णता आतच साठत जाते, आणि ठिणगी नसतानाही तो पेटू शकतो. उपाय साधा आहे: घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात पाणी, आणि वापरलेली प्रत्येक चिंधी त्यात. फेरीच्या दिवशी टर्पेंटाइनच्या बरण्यांची झाकणं लावलेली आणि खिडक्या उघड्या हव्यात. प्रात्यक्षिक करायचं असेल तर त्या दिवसापुरतं पाण्याच्या रंगांत करायला सुचवा. लहान खोलीत पंधरा माणसं आणि टर्पेंटाइनची वाफ एकत्र नको.

मातीकामाच्या स्टुडिओत धोका डोळ्यांना दिसत नाही. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका, म्हणजे वाळूत असतं तेच खनिज, अगदी बारीक कणांत असते आणि ती श्वासावाटे फुप्फुसात जाते. त्यामुळे पाहुणे येण्याआधी कोरडा झाडू मारायचा नाही, जमीन आणि टेबलं ओल्या फडक्याने पुसायची. भट्टीचं गणितही आधी जुळवा. पहिली कच्ची भाजणी साधारण १,००० अंश सेल्सिअसच्या आसपास होते, स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजलेल्या टणक भांड्यांची, ग्लेझ (झिलईची) भाजणी १,२०० ते १,३०० अंशांपर्यंत जाते, आणि भट्टी थंड व्हायला भाजणीइतका किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून फेरीच्या दिवशी भट्टी पेटवू नका. दोन दिवस आधी भाजून ठेवा आणि जवळपास थंड झालेली भट्टी फेरीच्या दिवशी ठरलेल्या वेळी सगळ्यांसमोर उघडा. झिलई कशी उतरली आहे हे दार उघडेपर्यंत कलाकारालाही नक्की ठाऊक नसतं. मी पाहिलेल्या प्रात्यक्षिकांत सगळ्यात शांत गर्दी याच क्षणी असते. दार सरकतं, आतून उबदार कोरडी हवा येते, आणि भांडी गार होताना ग्लेझमधून बारीक टिणटिण आवाज ऐकू येतो.

बाकीच्या गोष्टी भराभर बघून घ्या. पेपर कटरचं पातं कुलूपबंद, लिनो कापायची हत्यारं मोजून एका डब्यात, छपाईच्या प्रेसजवळ एक मोठं माणूस कायम उभं. जलरंगाची चित्रं उन्हाच्या खिडकीपासून लांब हवीत. संग्रहालयांत अशा चित्रांवर साधारण ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आसपास प्रकाश ठेवतात, थेट उन्हात तोच आकडा लाखाच्या घरात जातो. आग विझवायचं यंत्र कुठे आहे, बाहेर पडायची दुसरी वाट आहे का, जिना किती अरुंद आहे, याची नोंद करा. आणि चाकाच्या खुर्चीवरचा माणूस आत येऊ शकतो का, हे प्रामाणिकपणे नकाशावर लिहा. तात्पुरता उतार घालायचा असेल तर १:१२ हे प्रमाण धरा, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. तेवढी जागा नसेल तर "तीन पायऱ्या आहेत" असं सरळ छापा. लांबून आलेल्या माणसाला दारातून परत पाठवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

याच पाहणीत प्रत्येक खोलीची क्षमता ठरवा. एका वेळी बारा माणसं, प्रत्येकी वीस मिनिटं, म्हणजे तासाला छत्तीस आणि सहा तासांत दोनशेच्या थोडं वर. यावरून किती नकाशे छापायचे, शाळेच्या मुलांचे गट गर्दीच्या वेळेबाहेर आणायचे का, हे सगळं ठरतं.

पाचवी पायरी: पैसा कसा उभा करायचा

तीन मार्ग आहेत. सरळ मार्ग नकाशा-पासचा: फेरीचा नकाशा विकत घ्यायचा, तोच प्रवेश. मुलांना मोफत. ही रक्कम फार मोठी होत नाही, पण ती नक्की येते आणि तिचा हिशोब सोपा असतो.

दुसरा मार्ग विक्रीतल्या वाट्याचा. स्टुडिओत जे विकलं जाईल त्यातला ठरावीक टक्का कलावर्गाला. ऐकायला न्याय्य वाटतो, पण यात कुरबुर होते. एकाचं मोठं चित्र विकलं जातं, दुसऱ्याचं काहीच नाही. कुणी फेरीत पाहिलेलं चित्र पंधरा दिवसांनी घेतो, मग तो वाटा द्यायचा की नाही? हा मार्ग घ्यायचाच असेल तर टक्का छोटा ठेवा, फक्त त्या दोन दिवसांच्या विक्रीला लावा आणि ते आधी लिहून घ्या. कलाकाराचा चरितार्थ त्याच विक्रीवर असतो हे विसरू नये. "कलेसाठी द्या" असं म्हणत कलाकारांचाच खिसा रिकामा करणारे उपक्रम फार दिवस चालत नाहीत, आणि चालूही नयेत.

तिसरा मार्ग मला सगळ्यात जवळचा: छोट्या, एकाच आकाराच्या आणि एकाच किमतीच्या चित्रांची भिंत. प्रत्येक कलाकार पोस्टकार्डएवढी दोन-तीन चित्रं देतो. सही मागच्या बाजूला. घेणाऱ्याला विकत घेतल्याशिवाय कळत नाही कुणाचं चित्र हाती आलं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टने १९९४ मध्ये याच धर्तीवर पोस्टकार्डांची विक्री सुरू केली होती. यात नामवंत आणि नवखा एकाच ओळीत येतात, कलाकारावर मोठा भार पडत नाही, सगळी रक्कम थेट कलावर्गाला जाते, आणि ज्याने आयुष्यात कधी मूळ चित्र विकत घेतलेलं नाही तोही एक घेऊन जातो. सगळ्यांना सारखा कागद तुम्हीच पुरवा, ३०० जीएसएमचा, ए-सिक्स आकाराचा. नाहीतर कुणी मोठं देतं, कुणी फ्रेमसकट देतं आणि सारखेपणाच जातो.

पैसे घेताना प्रत्येक व्यवहाराला पावती द्या आणि रोकड दोघांनी मिळून मोजा. ऑनलाइन रक्कम कुणाच्याही वैयक्तिक खात्यात घेऊ नका. शाळेचं किंवा नोंदणीकृत संस्थेचं खातं वापरा. निधी गोळा करण्याचे आणि करांचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते हिशोबनीसाने सुरुवातीलाच माहितगाराकडून समजून घ्यावेत. स्टुडिओत कुणी पडलं-झडलं तर जबाबदारी कुणाची आणि विमा लागतो का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.

सहावी पायरी: नकाशा आणि वाट

नकाशावर पहिला क्रमांक शाळेचा असावा. याबाबतीत मी हट्टी आहे. लोक शाळेत येतात, नकाशा घेतात, भिंतीवर मुलांची चित्रं बघतात, शेजारी काय हवं आहे त्याची यादी आणि ४५ किलो कागदाचं ते गणित वाचतात, आणि मग स्टुडिओंकडे निघतात. आपण कशासाठी फिरतोय हे त्यांना दिवसभर सांगत बसावं लागत नाही.

प्रत्येक स्टुडिओला एक क्रमांक, आणि तोच क्रमांक नकाशावर, रस्त्यावरच्या बाणावर, दारावरच्या फलकावर. नकाशावर कलाकाराचं नाव, माध्यम, प्रात्यक्षिकाची वेळ, पायऱ्या, गाडी लावायची जागा, स्वच्छतागृह आहे की नाही, एवढं पुरे. चित्रांचे फोटो टाकून जागा भरू नका, नकाशा उन्हात चालता चालता वाचायचा असतो. छापण्याआधी परिसरात नवख्या असलेल्या एका माणसाच्या हातात कच्चा नकाशा द्या आणि त्याला एकट्याला फिरवा. तो जिथे थांबून मागे वळून बघतो, तिथे एक बाण लागतो. बाण दोन ठिकाणी बांधा. एका वर्षी आमचे बाण एकाच दोरीने बांधले होते, वाऱ्याने दोन बाण फिरले आणि सकाळभर लोक एका बंद गोदामाच्या दाराशी जाऊन परत येत होते.

सातवी पायरी: मुलांचा वाटा

मुलांना फक्त स्वागताला, हातात फुलं देऊन उभं करू नका. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं ३१ वं कलम मुलांना सांस्कृतिक आणि कलाजीवनात मोकळेपणाने भाग घेण्याचा हक्क देतं, आणि भाग घेणं म्हणजे हात घालणं. फेरीच्या महिनाभर आधी मुलांचे छोटे गट दोन-तीन स्टुडिओत नेऊन आणा. त्यांनी कलाकाराला प्रश्न विचारावेत, उत्तरं लिहून आणावीत, आणि फेरीच्या दिवशी तीच मुलं त्या स्टुडिओत मार्गदर्शक म्हणून उभी राहावीत. "ही रेष बाईंनी चार वेळा खोडली होती, मी बघितलंय" असं एखादं मूल सांगतं तेव्हा पाहुणे जसे ऐकतात, तसे कुणाही मोठ्याचं ऐकत नाहीत.

मुलांच्या हाताला काम द्यायला लिनोकटसारखं दुसरं माध्यम नाही. लिनोचा तळहाताएवढा तुकडा, पाण्यात धुता येणारी शाई, एक रोलर आणि एक लाकडी चमचा, एवढ्यावर भागतं, प्रेस लागत नाही. शाई काचेवर पसरताना रोलरचा आवाज ऐकायला शिकवा. शाई जास्त असेल तर चपचप आवाज येतो, नेमकी झाली की बारीक चरचर येते. मग शाई लिनोवर, त्यावर कागद, आणि चमच्याच्या पाठीने मधून कडांकडे घासायचं. एका वर्षी एका मुलीने हौसेने स्वतःचं नाव कोरलं. कागद उचलला तर शिरोरेषा वर जागच्या जागी आणि खालची सगळी अक्षरं उलटी. क्षणभर तिचा चेहरा उतरला. मुद्राचित्रकार काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त भिंतीवरचा छोटा आरसा काढून कागदाशेजारी धरला. आरशात नाव सरळ होतं. तिने दुसरा तुकडा मागितला, नाव आधी कागदावर लिहिलं, कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरला आणि मागून उमटलेली अक्षरं गिरवली. ही युक्ती तिला कुणी सांगितली नव्हती.

म्हणूनच कलाकारांना आधी सांगून ठेवा की मुलांचा हात धरून रेष काढू नका आणि नक्कल करायला नमुना देऊ नका. व्हिएन्नात चित्रकार आणि कलाशिक्षक फ्रान्झ सिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांसाठी कलावर्ग सुरू केला तेव्हा त्यांनी मुलांना त्यांच्या मनाने काम करू दिलं. सव्वाशे वर्षं होऊन गेली, तरी "असं काढ" म्हणायचा मोह मोठ्यांना आवरत नाही.

काही नियम मात्र कडक ठेवा. पालकांची लेखी परवानगी असल्याशिवाय मूल फेरीत नाही. कोणत्याही स्टुडिओत मूल एकटं नाही, दोन मुलं आणि शाळेकडून एक मोठं माणूस असलंच पाहिजे. मुलांचे फोटो नावासकट कुठेही टाकायचे नाहीत. आणि मुलांची मूळ चित्रं विकायला काढू नका. मुलांपैकी दोघांचीच चित्रं विकली गेली तर उरलेल्यांना घरी जाताना काय वाटेल, याचा विचार करा. हवं तर मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने वर्गातल्या सगळ्यांच्या चित्रांची भेटकार्डं छापा, एकाच संचात, आणि मूळ चित्र मुलाला परत द्या. चित्र ज्याने काढलं त्याचं असतं, वय काहीही असो.

आठवी पायरी: लोकांपर्यंत पोचणं

इथे फार शक्ती घालवू नका. बारा कलाकारांचे ओळखीचे आणि शाळेचे पालक ही दोन वर्तुळंच पहिल्या वर्षी पुरतात. महिनाभर आधी तारीख, पंधरा दिवस आधी नकाशा, आणि शेवटच्या आठवड्यात रोज एका स्टुडिओचा हात दिसेल असा एक फोटो: चाकावरची माती, शाईने भरलेली बोटं, कापडावरचा अर्धा टाका. पूर्ण चित्राचा फोटो टाकू नका. तो पाहिला की लोकांना बघून झाल्यासारखं वाटतं.

फेरीचा दिवस

उघडायच्या दोन तास आधी एक जण सगळ्या वाटेने फिरून बाण तपासतो. प्रत्येक स्टुडिओला एक पिशवी मिळते: दारावरचा क्रमांक, पावतीपुस्तक, सुटे पैसे, प्रथमोपचाराची पेटी, समितीतल्या दोघांचे फोन नंबर, आणि माणसं मोजायला एक कागद ज्यावर पाच-पाच रेघांचे गठ्ठे करायचे. मोजणी कंटाळवाणी वाटते, पण पुढच्या वर्षी वेळा आणि क्षमता ठरवायला तोच कागद कामी येतो. प्रत्येक स्टुडिओत कलाकाराशिवाय एक स्वयंसेवक हवाच. कलाकाराने बोलायचं, स्वयंसेवकाने दार, पावती आणि मुलांकडे बघायचं. दोन्ही कामं एकट्यावर टाकली तर दुपारपर्यंत कलाकाराचा आवाज बसतो आणि कोणी पावती न घेताच निघून जातं.

पाऊस आला तर काय, हे आदल्या दिवशीच ठरलेलं असावं. छोट्या चित्रांची भिंत छताखाली हवी, आणि बाण प्लॅस्टिकमध्ये. दुपारी एकदा हिशोब ठेवणाऱ्याने फिरून रोकड गोळा करावी आणि प्रत्येक ठिकाणी दोघांच्या सह्या घ्याव्यात. संध्याकाळी दमलेल्या माणसांनी मोजलेल्या नोटांत चुका होतात.

फेरी संपल्यावर

दोन आठवड्यांच्या आत हिशोब लावा आणि एका पानावर मांडा: किती आले, खर्च किती झाला, कलावर्गाला किती गेले, यादीतल्या कोणत्या ओळीपर्यंत आपण पोचलो. हे पान शाळेच्या फलकावर लागलं पाहिजे आणि प्रत्येक कलाकाराला, प्रत्येक स्वयंसेवकाला गेलं पाहिजे. रक्कम अपेक्षेपेक्षा कमी असेल तरीही. आकडा लपवला की पुढच्या वर्षी माणसं लपतात.

खरेदीला कलाशिक्षकांसोबत एखाद्या कलाकाराला पाठवा. कोणता ब्रश केस गाळतो, कोणता रोलर दोन महिन्यांत चिरतो, हे त्यांना हातात घेताच कळतं. त्याच आठवड्यात समितीची शेवटची बैठक घ्या, आठवणी ताज्या असताना. कुठे गर्दी तुंबली, कोणता स्टुडिओ लोकांना सापडला नाही, कोणत्या मुलाने काय विचारलं, सगळं लिहून ठेवा.

आणि साहित्य शाळेत पोचल्यावर, पहिल्याच तासिकेनंतर, वर्गातला एक फोटो काढा. मुलांचे चेहरे नकोत. वाळत घालायच्या रॅकवर ओळीने लागलेले ओले कागद, त्यातून खाली गळलेला एखादा थेंब. तो फोटो बाराही स्टुडिओंत पाठवा. आमच्या मातीकाम करणाऱ्या बाईंनी तो भट्टीशेजारच्या भिंतीवर चिकटवलाय, आणि पुढच्या वर्षीची तारीख कधी ठरवताय म्हणून पहिला फोन त्यांचाच आला.